व्हेनिस दोघांनी, बेताच्या पैशांत: खर्च कुठे करायचा, कुठे टाळायचा

व्हेनिसला जायचं म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, 'तिथे बेटावर राहू नका, पलीकडे मुख्य भूमीवर मेस्त्रेला राहा, स्वस्त पडतं.' आणि दुसरा, 'एक दिवस खूप झाला, सगळं बघून होतं.' बहुतेक टूरवाल्यांचा कार्यक्रमही याच दोन सल्ल्यांवर बेतलेला असतो. सकाळी दहाच्या सुमारास बेटावर यायचं, सान मार्कोच्या चौकात फोटो, गोंडोला, घाईचं जेवण, आणि पाच वाजता परत बसमध्ये. नेमक्या याच सात तासांत व्हेनिस सर्वांत गर्दीचं, सर्वांत महाग आणि थोडं चिडकंही असतं. ते बघून माणसं घरी येऊन सांगतात, 'काही विशेष नाही, नुसती गर्दी.'

संध्याकाळी ही गर्दी ओसरते आणि सकाळी नऊपर्यंत परत येत नाही. जोडप्याने ज्या व्हेनिससाठी एवढ्या लांब जायचं, ते या मधल्या वेळात असतं. म्हणून सांगायचं आहे ते एवढंच: पैसे रात्रीच्या मुक्कामावर घाला आणि तोही बेटावरच्या. बाकी जवळजवळ प्रत्येक गोष्टीत काटकसर करता येते आणि तिने मजा कमी होत नाही. पुढच्या पायऱ्या याच हिशेबाने लिहिल्या आहेत. दर २०२५ च्या आसपासचे आहेत. युरो साधारण १०० रुपयांचा धरला आहे, निघण्यापूर्वी चालू भाव बघून घ्या.

पायरी १: आधी महिना ठरवा, मग बाकीचं

खोलीचा भाव हंगामावर इतका हलतो की बाकीची सगळी बचत त्यापुढे किरकोळ ठरते. नोव्हेंबर, डिसेंबरचा पहिला पंधरवडा आणि जानेवारीचा मधला-शेवटचा भाग हे स्वस्ताईचे दिवस. फेब्रुवारीत कार्निव्हल लागला की तीच खोली दुपटीने महाग होते. नाताळ-नववर्ष, ईस्टर आणि मे ते सप्टेंबर हे दिवस बजेटवाल्यांनी सोडूनच द्यावेत. जुलैच्या तिसऱ्या रविवारी रेदेन्तोरेचा उत्सव असतो आणि आदल्या रात्री पाण्यावर मोठी आतषबाजी होते. पाहण्यासारखी आहे, पण तेव्हा खोली मिळणंच मुश्कील.

हिवाळ्यात दोन गोष्टी सोसाव्या लागतात. एक म्हणजे थंडी. पारा शून्याजवळ जातो, हवा ओलसर असते, त्यामुळे ती अंगात शिरते. चांगलं जाकीट आणि पाणी आत न घेणारे बूट लागतातच. दुसरी म्हणजे भरती, तिकडे तिला 'आक्वा आल्ता' म्हणतात. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं, तेव्हाचे फोटो बघून लोक अजून घाबरतात. पण ३ ऑक्टोबर २०२० रोजी 'मोझे' नावाचे समुद्रातले दरवाजे पहिल्यांदा प्रत्यक्ष भरतीत वापरले गेले. तेव्हापासून मोठी भरती येणार असली की ते उभे करून खाडीचं तोंड बंद केलं जातं. लहान भरतीत सान मार्कोचा चौक अजूनही ओला होतो, कारण तो शहराचा अगदी सखल भाग आहे. तेवढ्यापुरत्या फळ्या टाकतात, पाणी काही तासांत उतरतं. त्यासाठी सहल पुढे ढकलू नका.

हिवाळ्याचा एक फायदा मात्र कोणी सांगत नाही. डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे दिव्यांच्या उजेडातलं व्हेनिस पाच वाजताच सुरू होतं आणि झोपेपर्यंत तुमचंच असतं.

पायरी २: व्हिसा आणि विमान

शेंगेन व्हिसाची (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाची) फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे. वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. दोघांचे वीसेक हजार इथेच जातात, आणि विमानाचं तिकीट वेगळं. त्यामुळे फक्त व्हेनिससाठी युरोपला जाणं परवडत नाही. आठ-दहा दिवसांची इटली आखा आणि त्यात व्हेनिसच्या तीन रात्री बसवा. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे तुमच्या सर्वांत जास्त रात्री जातात. दोन देशांत सारख्याच असतील, तर जिथे पहिलं पाऊल पडणार त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत.

व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येईल अशीच खोली ठेवा. 'पैसे परत नाहीत' वाली खोली दहा-बारा युरो स्वस्त दिसते, पण व्हिसा लांबला तर सगळेच बुडतात.

विमानाने थेट व्हेनिसलाच उतरायला हवं असं नाही. मुंबईहून दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे व्हेनिसला जाता येतं. पण मिलानचं तिकीट स्वस्त मिळालं तर ते घ्या. मिलानहून जलद रेल्वे अडीच तासांच्या आत व्हेनिसला पोचवते, आणि तिचं तिकीट काही आठवडे आधी काढलं तर ऐनवेळच्या भावापेक्षा बरंच कमी पडतं. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परत, म्हणजे मिलानला उतरून रोमहून निघणं, हेही जमून येतं. मागे फिरण्याचा एक दिवस वाचतो.

पायरी ३: खोली

सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवा.

मेस्त्रे हा मुख्य भूमीवरचा भाग. तिथे स्टेशनसमोर साधी हॉटेलं आहेत आणि बेटापेक्षा रात्रीमागे ३०-४० युरो सहज कमी पडतात. रेल्वेने बेटावरच्या सांता लुचिया स्टेशनला दहा-बारा मिनिटं लागतात, तिकीट माणशी दीड युरोच्या आसपास. कागदावर हे आकर्षक दिसतं. प्रत्यक्षात हॉटेल ते स्टेशन, गाडीची वाट, मग स्टेशनवरून जिथे जायचं तिथपर्यंतची चाल असं धरलं की एका बाजूचा पाऊण-एक तास जातो. दुपारी पाय दुखले तर खोलीवर येऊन तासभर पडता येत नाही. रात्री नऊ वाजता, शहर शांत झाल्यावर, तुमचं लक्ष घड्याळाकडे. ज्या वेळेसाठी आलात तीच वेळ विकून तुम्ही ४,००० रुपये वाचवता. दोघांनीच जायचं असेल तर मला हा सौदा तोट्याचा वाटतो. मेस्त्रेत चार रात्री राहण्यापेक्षा बेटावर दोन रात्री राहा आणि उरलेले दिवस पादुआ किंवा व्हेरोनाला द्या. तिथे खोल्या स्वस्त आहेत. मोठं कुटुंब असेल, लहान मुलं असतील, गाडी असेल, तर मात्र मेस्त्रे ठीक.

बेटाचे सहा विभाग आहेत: सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेज्जो, दोर्सोदुरो, सान पोलो आणि सांता क्रोचे. सान मार्को सोडा. कान्नारेज्जो आपल्यासाठी सर्वांत सोयीचा. स्टेशनपासून चालत, सपाट, दुकानं भरपूर, आणि स्थानिक लोक अजून राहतात असा भाग. कास्तेल्लोचा पूर्वेकडचा भाग त्याहून शांत आहे, पण स्टेशनपासून लांब. समोरचं जुदेक्का बेटही स्वस्त पडतं आणि तिथून सान मार्कोचं दृश्य उत्तम दिसतं. फक्त प्रत्येक वेळी बोट लागते, म्हणजे पास काढणं आलंच.

हंगाम नसताना साध्या दोघांच्या खोलीला ९० ते १३० युरो धरा. हॉटेलांबरोबर चर्चच्या संस्थांनी चालवलेली अतिथिगृहंही शोधा. स्वच्छ आणि स्वस्त असतात, अनेकदा आत बागही असते. काही ठिकाणी रात्री दार बंद होण्याची वेळ ठरलेली असते, आणि काही ठिकाणी दोन वेगळ्या खाटा मिळतात. नवीन लग्न झालेल्यांनी आधी विचारून घ्यावं!

आरक्षणापूर्वी मालकाला दोन प्रश्न विचारा: 'जवळचा बोटीचा थांबा कोणता?' आणि 'तिथून दारापर्यंत किती पूल?' हा दुसरा प्रश्न क्षुल्लक नाही. शहरात ४०० च्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. २३ किलोची चाकाची बॅग पाच पुलांवरून उचलून नेलीत की हॉटेलवर वाचवलेले पैसे दुसऱ्या दिवशी मलमात जातात. पत्त्यातला घराचा नंबर रस्त्याप्रमाणे नसून विभागाप्रमाणे असतो आणि हजारांत जातो. त्यामुळे नुसत्या नंबरावरून घर सापडत नाही. नकाशावरचं नेमकं ठिकाण मागवून ते फोनमध्ये उतरवून ठेवा. अपार्टमेंट घेत असाल तर जाहिरातीत 'सीआयएन' हा सरकारी नोंदणी क्रमांक आहे ना बघा. २०२५ पासून तो दाखवणं बंधनकारक आहे.

खोलीच्या भाड्याशिवाय माणशी, रात्रीमागे मुक्कामकर लागतो. तो हॉटेलच्या दर्जाप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलतो. हॉटेलवाले तो बहुधा वेगळा घेतात, वादात पडू नका.

पायरी ४: प्रवेशशुल्काची नोंदणी

२०२४ पासून व्हेनिसने गर्दीच्या ठरावीक दिवशी, दिवसभरासाठी येणाऱ्यांवर प्रवेशशुल्क लावलं आहे. २०२५ मध्ये एप्रिल ते जुलैमधले ५४ दिवस, सकाळी साडेआठ ते दुपारी चार, असा नियम होता. आधी भरलं तर ५ युरो, ऐनवेळी १०. शहराच्या हद्दीत रात्रीचा मुक्काम असेल तर हे शुल्क माफ आहे, आणि मेस्त्रेही त्याच हद्दीत येतं. मात्र माफी आपोआप मिळत नाही. शहराच्या अधिकृत संकेतस्थळावर नोंद करून क्यूआर कोड घ्यावा लागतो, तो फुकट असतो. दिवसांची यादी दर वर्षी बदलते. तुम्ही हिवाळ्यात जाणार असाल तर हा प्रश्न सहसा येतच नाही.

पायरी ५: विमानतळावरून शहरात

मार्को पोलो विमानतळ मुख्य भूमीवर आहे. तिथून पियाझ्झाले रोमाला बस जाते, वीस-पंचवीस मिनिटं, माणशी १० युरोच्या आसपास. पियाझ्झाले रोमा म्हणजे जिथे मोटारींचा रस्ता संपतो ती जागा. पुढे चाकाचं वाहन नाही. विमानतळावरून शहरात येणारी सार्वजनिक बोटही आहे. ती बसहून महाग आणि बरीच सावकाश, पण खोली फोन्दामेन्ते नोव्हे या उत्तरेकडच्या काठाच्या बाजूला असेल तर पूल वाचतात. खाजगी वॉटर टॅक्सीचं भाडं शंभर युरोच्या वर जातं, तिकडे बघूही नका.

रेल्वेने येत असाल तर 'व्हेनेझिया मेस्त्रे' नंतरच्या 'व्हेनेझिया सांता लुचिया'ला उतरायचं. नाव अर्धं वाचून मेस्त्रेला उतरणारे बरेच असतात. स्टेशनच्या दारातून बाहेर पडलं की समोर थेट ग्रँड कॅनॉल, म्हणजे शहराचा मुख्य कालवाच, मध्ये रस्तासुद्धा नाही. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी ही प्रवेशाची सर्वांत उत्तम वाट, आणि तीही दीड युरोत.

पायरी ६: बोटीचा पास कसा वापरायचा

शहरातली सार्वजनिक बोट म्हणजे 'व्हापोरेत्तो', मांडव्याच्या लाँचसारखी, फक्त जास्त वक्तशीर. एका फेरीचं तिकीट साडेनऊ युरो, ७५ मिनिटं चालतं. दोघांचे १९ युरो, म्हणजे एका चकरेला १,९०० रुपये! पासचे दर असे: २४ तास २५ युरो, ४८ तास ३५, ७२ तास ४५. दोघेही २९ वर्षांच्या आतले असाल तर 'रोलिंग व्हेनिस' कार्ड ६ युरोला घ्या. त्यावर ७२ तासांचा पास २७ युरोत मिळतो, म्हणजे माणशी १२ युरो वाचले.

वय त्यापुढे गेलं असेल तर ७२ तासांचा पास घेऊ नका. व्हेनिस लहान आहे. स्टेशनपासून सान मार्कोपर्यंत रमतगमत पाऊण तास लागतो आणि रोज बोटीत बसायचं काही कारण नाही. २४ तासांचा एकच पास घ्या आणि तो पूर्ण पिळून काढा. पासचे तास पहिल्यांदा यंत्राला लावल्यापासून मोजले जातात, तारखेप्रमाणे नाही. म्हणून तो दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला सुरू करा:

दुपारी फोन्दामेन्ते नोव्हेहून १२ नंबरची बोट घेऊन बुरानोला जा, साधारण ४० मिनिटं. रंगीत घरांचं, लेस विणणाऱ्यांचं हे बेट. येताना मुरानोला उतरा. आगीच्या भीतीने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या शहरातून हलवून या बेटावर आणल्या, तेव्हापासून काचकाम इथेच चालतं. काचेच्या 'फुकट' प्रात्यक्षिकानंतर दुकानातून काढतात. तिथे न घेता बाहेर पडायला लाजू नका.

रात्री जेवण झाल्यावर पियाझ्झाले रोमाहून १ नंबरची बोट घ्या. ही ग्रँड कॅनॉलवरून सावकाश, प्रत्येक थांब्याला थांबत जाते. पावणेचार किलोमीटरचा हा पाण्याचा रस्ता पार करायला चाळीसेक मिनिटं लागतात. दोन्ही बाजूंना जुने वाडे, काहींच्या खिडक्यांतून रंगवलेली छतं दिसतात. पहिल्याच थांब्यावर चढलात तर बाहेरची बाकं मिळतात. गोंडोलासाठी जीव अडकला असेल त्यांनी आधी ही फेरी करावी, मग ठरवावं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सान झाक्कारियाहून २ नंबरने सान जोर्जो माज्जोरे बेटावर जा, दुपारी बाराच्या आत परत. पास वसूल.

प्रत्येक वेळी चढण्यापूर्वी पास यंत्राला लावायचा. पास खिशात असूनही लावला नाही तर दंड होतो आणि 'माहीत नव्हतं' हे ऐकून घेत नाहीत. इटलीतल्या साध्या प्रादेशिक रेल्वेचं कागदी तिकीटही असंच फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं.

पायीच ग्रँड कॅनॉल ओलांडायचा असेल तर त्यावर फक्त चार पूल आहेत. मधल्या भागात 'त्राघेत्तो' नावाची नाव चालते. साधी मोठी गोंडोलाच, दोन नावाडी वल्हवतात. पाहुण्यांना माणशी २ युरो. रियाल्तो या मध्यवर्ती भागातल्या बाजारासमोर सांता सोफियाला मिळते. स्थानिक लोक उभ्यानेच जातात. दोन मिनिटांची का होईना, गोंडोलाची हौस ४ युरोत भागते.

पायरी ७: खाणं

इथे लोक सर्वांत जास्त लुटले जातात, आणि खरं तर इथेच सर्वांत स्वस्तात भागू शकतं.

सूत्र एकच: बसला की पैसे वाढले. काउंटरशी उभं राहून एस्प्रेसो दीड युरोच्या आत-बाहेर. तीच कॉफी टेबलाशी दुप्पट-तिप्पट. सान मार्को चौकातल्या जुन्या कॅफेंत वाद्यवृंद वाजत असेल तर संगीताचे माणशी वेगळे पैसे लागतात. संगीत चौकात उभं राहूनही तितकंच ऐकू येतं. साध्या हॉटेलांतही बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो असतात. ती लबाडी नाही, तिकडची रीत आहे, मेनूवर बारीक अक्षरांत लिहिलेली असते. टिप मात्र देण्याची सक्ती नाही.

सकाळी बारमध्ये उभ्याने कॉफी आणि कोर्नेत्तो (क्रोसाँसारखा गोड पाव), दोघांचे सहा-सात युरो. दुपारी पिझ्झाचा तुकडा किंवा सुपरमार्केट. कान्नारेज्जोतल्या स्त्रादा नोव्हाजवळ एका जुन्या सिनेमागृहात सुपरमार्केट आहे, छतावर चित्रं रंगवलेली आणि खाली भाजी, पाव, चीज. खरेदी नसली तरी आत जाऊन बघा. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, चौकाचौकांत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, पाणी चांगलं आहे.

संध्याकाळ 'बाकारो'ची. लहानशी दारूची दुकानं, काउंटरवर 'चिक्केत्ती' मांडलेले: पावाच्या तुकड्यांवर वेगवेगळे पदार्थ, नग दोन-तीन युरो. सोबत घरच्या वाइनचा छोटा पेला, त्याला 'ओम्ब्रा' म्हणतात, किंवा स्प्रिट्झ, म्हणजे वाइन-सोड्याचं थंड पेय. दोघांनी सहा-आठ चिक्केत्ती, दोन पेले, कालव्याच्या काठावर उभं राहून, २५ युरोत पोट भरतं. एकाच ठिकाणी सगळं खाऊ नका. कान्नारेज्जोतल्या फोन्दामेन्ता देल्ला मिझेरिकोर्दियावर अशी दुकानं ओळीने आहेत, दोन इथे, दोन तिथे असं चालत जायचं. माझ्या मते जोडप्यासाठी व्हेनिसमधलं हे सर्वांत छान जेवण, मेणबत्त्या लावलेल्या ८० युरोच्या टेबलापेक्षा कितीतरी.

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. 'सार्दे इन साओर' म्हणजे तळलेल्या तारल्या, व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या कांद्यासोबत, वर मनुका. कोकणी जिभेला पहिला घास विचित्र लागेल, दुसऱ्याला आवडेल. 'बाक्काला मान्तेकातो' म्हणजे वाळवलेल्या कॉड माशाचं तेलात घोटलेलं लोणी. सुकटीचा वास आठवून नाक मुरडू नका, हे अगदी सौम्य असतं.

शाकाहाऱ्यांनी सावध राहायला हवं. 'बीगोली इन साल्सा' हा पास्ता नुसत्या कांद्याचा दिसतो, त्यात अँकोव्ही मासा विरघळलेला असतो. 'मोझ्झारेल्ला इन कारोझ्झा' या तळलेल्या सँडविचमध्येही बऱ्याचदा अँकोव्ही लपलेला. 'रीझी ए बीझी' म्हणजे मटारभात, पण त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे पडतात. रिसोत्तोचं पाणी मांसाचं असू शकतं. म्हणून प्रत्येक वेळी म्हणा: 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे', मांस नको, मासा नको. ताज्या पास्त्यात अंडं असतं, सुक्या पास्त्यात सहसा नसतं. पार्मेझानमध्ये प्राण्यापासून काढलेलं विरजण असतं, त्यामुळे काटेकोर असाल तर 'मारिनारा' पिझ्झा मागवा, त्यावर चीजच नसतं. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी, बाहेर ते समजावून सांगण्यात संध्याकाळ जाईल.

घरून थेपले, चटण्या, मेतकूट, लाह्या जरूर न्या. पण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. खव्याची मिठाई, तुपाचा डबा, पनीर घरीच ठेवा.

पायरी ८: काय बघायचं, केव्हा

पहिल्या दिवशी बॅग टाकून नुसतं हिंडा. कान्नारेज्जोत १५१६ साली ज्यूंना कोंडण्यासाठी ठरवलेली वस्ती आहे. पुढे जगभर 'घेट्टो' म्हटलं जाऊ लागलं ते इथूनच. जागा मर्यादित आणि माणसं वाढती, म्हणून तिथली घरं आसपासच्या घरांपेक्षा उंच चढली आहेत. वाट चुकली तर कोपऱ्यावरच्या पिवळ्या पाट्या बघायच्या: 'पेर रियाल्तो', 'पेर सान मार्को', 'आल्ला फेर्रोव्हिया' म्हणजे स्टेशनकडे. फोनचा नकाशा अरुंद गल्ल्यांत गोंधळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सान मार्को चौकात हजर राहा. बेटावर राहण्याचे पैसे इथे वसूल होतात. नऊला दोजेंच्या, म्हणजे जुन्या व्हेनिसच्या प्रमुखांच्या, राजवाड्याचं दार उघडतं. तिकीट ३० युरो आहे, पण महिनाभर आधी काढलं तर २५ ला मिळतं, आणि त्यातच समोरचं कोर्रेर संग्रहालय येतं. पैसे देऊन एकच जागा बघायची असेल तर ही बघा. आतूनच तुरुंगाकडे जाणारा 'निःश्वासांचा पूल' ओलांडता येतो. त्याखाली सूर्यास्ताला चुंबन घेतलं की प्रेम अमर होतं, अशी कथा गोंडोलावाले सांगतात. न्यायालयातून कोठडीकडे नेलेल्या कैद्यांच्या वाटेवर हे कोणाला सुचलं कोण जाणे. सान मार्को बॅसिलिका या शेजारच्या मोठ्या चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले हवेत आणि मोठी पाठपिशवी चालत नाही.

फुकटात किंवा नाममात्र पैशांत बघण्यासारखं खूप आहे. सान झाक्कारिया चर्चमध्ये बेल्लिनीचं १५०५ मधलं चित्र आहे. फ्रारी चर्चमध्ये पाचेक युरोत तित्सियानचं भव्य चित्र बघायला मिळतं. १६३० च्या प्लेगनंतर नवस फेडायला बांधलेलं साल्यूते चर्च फुकट. सान जोर्जोच्या मनोऱ्यावर लिफ्टने जाता येतं. सान मार्कोच्या मनोऱ्यापेक्षा रांग कमी, आणि वरून सान मार्कोच दिसतं! रियाल्तोची मासळी मंडई सकाळी भरते, रविवार-सोमवार बंद. रियाल्तोजवळच्या फोन्दाको देई तेदेस्कीची गच्ची फुकट बघा, असा सल्ला जुन्या याद्यांत सापडेल, पण ते मोठं दुकान २०२५ मध्ये बंद झालं, तिकडे हेलपाटा घालू नका.

शेवटचा अर्धा दिवस दोर्सोदुरोत घालवा. झात्तेरेचा रुंद काठ दक्षिणेला आहे, हिवाळ्यात ऊन तिथेच मिळतं. जवळच सान त्रोव्हाझोला गोंडोला बांधण्या-दुरुस्तीचा जुना कारखाना आहे, कालव्याच्या अलीकडून छान दिसतो.

पायरी ९: गोंडोला करायची का?

अधिकृत दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. हा दर नावेचा आहे, माणशी नाही, आणि नावेत पाच जण बसू शकतात. पैसे वाचवायला दुसऱ्या जोडप्याबरोबर बसता येतं, पण मग अनोळखी माणसांच्या सेल्फीत अर्धा तास जातो. करायचीच असेल तर दोघांनीच करा, दिवसा, आणि सान मार्कोच्या धक्क्यावरून नको, तिथे नावांचीच कोंडी असते. सान पोलो किंवा कान्नारेज्जोच्या आतल्या कालव्यावरचा धक्का शोधा. बसण्यापूर्वी पैसे आणि मिनिटं दोन्ही बोलून घ्या. गाणं वेगळ्या पैशांत असतं. परवडत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, १ नंबरची रात्रीची बोट कमी पडत नाही.

पायरी १०: दंड आणि खिसेकापू

सान मार्कोच्या पायऱ्यांवर बसून खाणं, कालव्यात पाय सोडून पोहायला उतरणं, कबुतरांना दाणे टाकणं, या सगळ्याला दंड आहे. कबुतरांची बंदी २००८ पासूनची. गल्लीत उजवीकडून चाला, पुलाच्या मधोमध फोटोसाठी थांबू नका. लोक तिथे कामावरही जात असतात. रियाल्तोवर आणि बोटीत चढताना पिशवी पुढे घ्या. हातात गुलाब ठेवून 'भेट आहे' म्हणणाऱ्याला फूल परत द्या, नंतर तो पैसे मागतोच. सार्वजनिक स्वच्छतागृहाला दीड युरो लागतो. तेवढ्यातच बारमध्ये कॉफीही होते आणि काम पण.

दोघांचा हिशेब, तीन रात्री, हंगाम नसताना

खोली ३३० युरो, मुक्कामकर २०, खाणं १५०, बोटीचे दोन पास ५०, राजवाडा ५०, विमानतळाची बस जाऊन-येऊन ४०. एकूण ६४० युरो, म्हणजे चौसष्ट हजार रुपये. गोंडोला धरली तर ७३०. यातलं निम्म्याहून जास्त खोलीत गेलं आहे, आणि ते तसंच असू द्या. कमी करायचंच असेल तर राजवाडा वगळा, रात्र नको. बरेच खर्च कार्डाने होतात. तरी त्राघेत्तो, स्वच्छतागृह आणि बाकारोसाठी सुटे युरो जवळ ठेवा.

परतीचा दिवस

खोली सकाळी दहा-अकराला सोडावी लागते. हॉटेल बॅगा ठेवून घेतं, अपार्टमेंटवाले सहसा नाही. मग स्टेशनवर किंवा पियाझ्झाले रोमाला सामान ठेवायची सोय वापरा. पहाटेचं विमान असेल तर आदल्या दिवशीच पहिल्या बसची वेळ बघून ठेवा आणि अंधारात खोलीपासून पियाझ्झाले रोमापर्यंत चालायला किती वेळ लागतो ते दिवसा एकदा चालून मोजा. रात्री बोटी कमी असतात, आणि बॅग घेऊन प्रत्येक पुलाला दोन मिनिटं जास्त धरा.